गॅरेजातून उत्तरं : यूट, पिकअप आणि टेपनं मोजलेला हौदा

मागच्या अंकात सहज चार ओळी लिहून गेलो. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही नवरा-बायको चार महिने ऑस्ट्रेलियात टूवूंबा गावी राहून आलो आणि तिथं मला कांगारूंपेक्षा यूट जास्त दिसले, एवढंच लिहिलं होतं. यूट म्हणजे पुढं केबिन आणि मागं उघडा हौदा असलेली गाडी. आपल्या पिकअपचीच बहीण, फक्त श्रीमंताघरी दिलेली. त्या चार ओळींवर एवढी पत्रं आली, की या महिन्यात क्लच, बॅटरी आणि 'गाडी एका बाजूला ओढते' वाल्यांनी जरा दम धरावा. हा अंक यूटचा.

प्रश्न : नाना, माझा भाचा मेलबर्नला आहे. तो रोज एकेका यूटचे फोटो पाठवतो. माझी सात एकर मोसंबी आहे. घरी एक जुनी पिकअप आणि एक कार आहे. दोन्ही विकून हायलक्स (टोयोटाचा यूट) घ्यावी असं मनात आलंय. मालही जाईल, घरची माणसंही जातील. काय म्हणता?
(मोसंबी बागायतदार, अंबड)

उत्तर : भाच्याला म्हणावं, फोटो पुरे झाले, आता टेप लावून मापं पाठव. मी टूवूंबात तेच केलं. जावयाच्या शेजाऱ्याकडं चार दारांचा यूट होता. शेजारी सुतारकाम करणारा, भला माणूस. मी सकाळी सकाळी टेप घेऊन त्याच्या हौद्यात चढलो तेव्हा त्याला वाटलं, पाहुण्याचं काहीतरी हरवलंय.

हौद्याची लांबी पाच फुटांच्या आतबाहेर. रुंदीही तेवढीच, पण चाकांच्या कमानी दोन्हीकडून आत आलेल्या, त्यामुळं तळाशी जागा पावणेचार फूटच. आता तुमचं वीस किलोचं क्रेट मांडा. खालच्या थरात सहा, ओढूनताणून सात. तीन थर रचले की हौदा भरला. वीस क्रेट, म्हणजे चार क्विंटल. आपल्या पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांचा, सपाट, चाकांच्या वर बसवलेला आणि तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडणारे. एका थरात सोळा क्रेट, पाच थर, ऐंशी क्रेट. सोळा क्विंटल. जालन्याच्या मोंढ्यात तुमची पिकअप एका फेरीत जे टाकते, त्याला त्या देखण्या गाडीच्या चार फेऱ्या. चाळीस लाखांच्या घरातली गाडी मोंढ्यात चार-चारदा फिरवायची आणि हमालानं तिच्या रंगावर क्रेट घासलं की त्याच्याशी भांडायचं. कशाला?

दुसरी गोष्ट कमानपाट्यांची. पिकअपचे मागचे पाटे दीड टन उचलायला बनवलेले असतात, म्हणून रिकामी गाडी उडते. तुमच्या मातोश्री मागच्या वेळी कुरकुरल्या असतील त्या याच कारणानं. यूटवाल्यांनी पाटे मऊ केले, माणसं खूश केली आणि बोजा टनाच्या आसपास आणून ठेवला. एका गाडीत दोन्ही सुखं पूर्ण मिळत नाहीत. पाटा एकच असतो, तो कुणाच्या बाजूनं वाकवायचा हे कंपनी ठरवते.

आणि भाचा जे फोटो पाठवत नाही ते सांगतो. टूवूंबाच्या पश्चिमेला ८० किलोमीटरवर डॅल्बी नावाचं गाव आहे. सगळी काळी माती, आपल्यासारखी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात बुटाला चार-चार किलो चिकटते. त्यात कापूस आणि ज्वारी. ज्वारी म्हणजे आपली मालदांडी नव्हे. ठेंगणी, लाल दाण्याची, कंबरेएवढी. यंत्रानं कापायची आणि गुरांना घालायची. भाकरी कुणी करत नाही, हे ऐकून आमची ही दोन दिवस उदास होती. तर त्या शेतांत मी जे यूट पाहिले ते चार दारांचे चकचकीत नव्हतेच. दोन दारं, मागं अॅल्युमिनियमचा सपाट हौदा, तिन्ही फाळके पडणारे, वर पाण्याची टाकी, वेल्डिंग मशीन आणि एक कुत्रं. तिथला खरा शेतकरीसुद्धा पिकअपच वापरतो, साहेब. नाव वेगळं.

माझं मत : पिकअपचं इंजिन उघडून घ्या, पाटे बदला, कार आहे ती राहू द्या. हौस म्हणून हायलक्स घ्यायची असेल तर जरूर घ्या, गाडी दणकट आहे, फक्त घरी 'मालासाठी घेतोय' असं सांगू नका. बायकांना क्रेट मोजता येतात.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात सगळ्यात जास्त खपणारी गाडी यूट आहे असं वाचलं. तिथले सगळे लोक शेतकरी आहेत का?
(शिक्षक, वसमत)

उत्तर : नाही हो गुरुजी. तिथली बहुतेक जनता समुद्राकाठच्या मोठ्या शहरांत राहते. पण खपाचं तुम्ही वाचलं ते खरं आहे. २०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षं टोयोटाची हायलक्स पहिली होती. २०२३ ला फोर्डच्या रेंजरनं तिला खाली ओढलं आणि २०२४ लाही रेंजरच पहिली राहिली, ६२ हजारांच्या वर विकली गेली. देशात वर्षाला सगळ्या मिळून नव्या गाड्या विकल्या जातात बारा लाखांच्या जरा वर, त्यात हा आकडा.

कारण शेतात शोधू नका, करात शोधा. माझा जावई नांदेडचा, डिप्लोमा केलेला, तिथं इलेक्ट्रिशियन आहे. कंपनीनं त्याला यूट दिलाय. नोकराला दिलेल्या गाडीच्या सुखसोयीवर तिथं मालकाला वेगळा कर भरावा लागतो. यूट कामाची गाडी धरला जातो, त्यामुळं घर ते काम, काम ते घर आणि अधूनमधून किरकोळ खासगी वापर असेल तर तो कर माफ. महागड्या कारवर, साधारण ८० हजार डॉलरच्या वर गेली की, वरच्या रकमेवर ३३ टक्के चैन-कर लागतो. मालवाहू म्हणून बनवलेल्या यूटला तो नाही. करोनाच्या वेळी, मार्च २०२० मध्ये, धंद्यासाठी घेतलेली दीड लाख डॉलरपर्यंतची वस्तू त्याच वर्षी खर्चात पूर्ण वजा करायची सवलत सरकारनं दिली, आणि पुढं जून २०२३ पर्यंत ती आणखी सैल केली. नंतर ती मर्यादा २० हजारांवर आली. पण त्या तीन वर्षांत हातात छिन्नी असलेल्या प्रत्येकानं यूट घेतला, आणि छिन्नी नसलेल्यांनी आधी छिन्नी घेतली असं जावई म्हणतो.

धुराच्या नियमातही तीच लाडाची वागणूक. तिथं १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा आलाय. कंपनीनं विकलेल्या गाड्यांचा सरासरी कार्बन मोजायचा, मर्यादेच्या वर गेला की दंड. २०२५ साठी कारला किलोमीटरमागं १४१ ग्रॅम आणि यूटसारख्या हलक्या मालवाहूला २१० ग्रॅम. २०२९ पर्यंत दोन्ही आकडे निम्म्याच्या आसपास आणायचेत. डिझेल यूट विकणाऱ्यांच्या कपाळावर आत्तापासून घाम आहे, म्हणून तर रेंजरची चार्जिंगवाली आवृत्ती आली.

एक दृश्य मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बाजाराच्या पार्किंगमध्ये अमेरिकी रॅम पिकअप उभी होती. ही गाडी तिकडून डाव्या स्टेअरिंगची येते आणि मेलबर्नला उघडून तिला उजवं स्टेअरिंग बसवतात. लांबी ५.९ मीटर, आखलेली जागा ५.४ मीटर. उरलेला अर्धा मीटर रस्त्यात. त्यातून एक बाई उतरली, दुधाची एक बाटली आणि ब्रेड घेऊन परत आली. हौद्यात एक काडी नव्हती.

प्रश्न : लोकांना यूटचं एवढं वेड आहे तर ऑस्ट्रेलिया स्वतः का बनवत नाही? आणि आमच्याकडं टोयोटा येतेय, त्याचं तुम्हाला काय वाटतं?
(मेकॅनिकलचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बनवत होता की. यूटच मुळात त्यांनी जन्माला घातला, ती गोष्ट शेवटच्या पत्रात येतेच. फोर्डची फाल्कन, जनरल मोटर्सची होल्डन, दोघींचे यूट तिथंच बनत. फोर्डनं ऑक्टोबर २०१६ मध्ये कारखाना बंद केला. टोयोटानं ३ ऑक्टोबर २०१७ ला, होल्डननं २० ऑक्टोबर २०१७ ला. सतरा दिवसांत दोन कंपन्या आटोपल्या आणि देशातलं कार बनवणंच संपलं.

का संपलं? ऐंशीच्या दशकात परदेशी गाडीवर ५७.५ टक्के आयातशुल्क होतं, ते उतरवत उतरवत २०१० ला ५ टक्क्यांवर आणलं. २००५ पासून थायलंडशी खुल्या व्यापाराचा करार. थायलंडला मजुरी कमी, कारखाने प्रचंड, स्टेअरिंग उजवीकडंच. मग हायलक्स, रेंजर, इसुझू डी-मॅक्स, सगळ्या थायलंडहून बोटीनं येऊ लागल्या. त्यातही गंमत अशी, की रेंजरचं डिझाइन आणि इंजिनिअरिंग ऑस्ट्रेलियातल्या फोर्डच्या माणसांनीच केलंय. डोकं राहिलं, हात गेले.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्याकडं १९८५ ला वाळूजला बजाज आली, २००१ ला शेंद्र्याला स्कोडा आली, आणि टोयोटानं बिडकीनसाठी राज्य सरकारशी करार केला जुलै २०२४ मध्ये. आनंदच आहे. पण तुम्ही मेकॅनिकलचे, म्हणून सांगतो : मोठ्या कारखान्याच्या फाटकाकडं बघत बसू नका. वाळूजच्या गल्ल्यांत जे डाय बनवतात, रबरी बुश ओततात, स्प्रिंगा वळतात, त्यांच्याकडं सुट्टीत सहा महिने हात काळे करा. ऑस्ट्रेलियात फाटकं बंद झाली तेव्हा सुटे भाग बनवणाऱ्यांपैकी काही जण यूटला लागणारे बुलबार (गाडीपुढचा लोखंडी आडोसा), हौद्याची झाकणं, सस्पेन्शन असला माल बनवून तरले. तो धंदा आज तिथं जोरात आहे आणि जगभर जातो.

प्रश्न : मला पिकअपला तिकडच्यासारखा जाड बुलबार बसवायचाय. रात्री रोही आडवे येतात.
(दूधवाला, कळमनुरी)

उत्तर : बसवू नका. आपल्याकडं डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे. तिथं कांगारूपायी लागतोच, पण एअरबॅगला अडथळा होणार नाही असा तपासून बनवलेला असतो. आपल्याकडचा पाइप वेल्डरनं थेट चासीला जोडलेला असतो, धडकेचा सगळा दणका तुमच्या बरगड्यांत येतो. दिवे नीट लावून घ्या आणि रात्री पन्नासच्या आत चालवा.

प्रश्न : आपल्या स्कॉर्पिओला ऑस्ट्रेलियात शून्य तारे दिले म्हणे. इथं पाच मिळाले होते. हा गोऱ्यांचा दुजाभाव नाही तर काय?
(एक अभिमानी ग्राहक, बीड)

उत्तर : रागावू नका, आधी दोन्ही पेपर बघा. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेनं २०२२ ला स्कॉर्पिओ-एन धडकवून पाहिली, मोठ्या माणसांच्या सुरक्षेला पाच तारे दिले. ऑस्ट्रेलियातल्या तशाच अँकॅप संस्थेनं त्याच गाडीला शून्य दिले. दोघांचे प्रश्नच वेगळे होते. पहिला विचारतो, धडक झाली तर माणूस वाचेल का. दुसरा त्याच्या जोडीला विचारतो, धडक टाळायला गाडी स्वतः काय करते : समोर माणूस आला तर आपोआप ब्रेक लागतो का, गाडी पट्टा सोडायला लागली तर सावरते का. ती यंत्रणाच त्या गाडीत नव्हती. कोऱ्या पानाला मार्क कोण देणार?

पण डॅल्बीत ट्रॅक्टरच्या दुकानापुढं महिंद्राची पिकअप उभी दिसली तेव्हा माझीही छाती फुगली हे कबूल करतो. ती तिथं २००७ पासून विकली जातेय, बहुतेक शेती-अवजारांच्या दुकानातूनच. एक म्हातारा शेतकरी तिच्या बॉनेटवर थाप मारून मला म्हणाला, यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी तरी पाहिलं नाही.

प्रश्न : माझी बीएस ६ पिकअप दूध संकलनाला आहे. रोज चार गावं, दहा-दहा किलोमीटर. डीपीएफचा (धुराच्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो. वर्कशॉप फिल्टर बदला म्हणतं. खर्च ऐकून झोप उडाली.
(दूध संकलक, सेलू)

उत्तर : घाई करू नका. हा प्रश्न जरा नीट समजून घ्या, कारण येत्या काळात तो घरोघरी येणार आहे.

डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर जाळीदार फिल्टर असतो. काजळी साठली की गाडी त्याला तापवून ती जाळून टाकते. त्यासाठी धूर चांगला गरम हवा, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, भराभर चालायला हवी. तुमची गाडी थांबते, कॅन चढतो, पुन्हा दोन किलोमीटर, पुन्हा थांबते. फिल्टर तापायला लागला की तुम्ही चावी काढता. चुलीवर भाकरी टाकायची आणि दर वेळी अर्धी भाजली की लाकूड ओढायचं, तसं.

माझ्या स्वतःच्या गाडीला हेच झालं होतं. एका वर्कशॉपनं (नाव घेत नाही) न तपासताच नव्या फिल्टरचा आकडा सांगितला. मी गाडी परत आणली, टाकी अर्ध्याच्या वर भरली आणि रात्री नऊला रस्ता मोकळा झाल्यावर पाथरीहून माजलगावच्या दिशेनं निघालो. एक गिअर खाली ठेवून इंजिन अडीच हजारांच्या आसपास, चाळीस मिनिटं. वास आला, पंख्याचा आवाज वाढला, मग दिवा गेला. पुढच्या दर रविवारी ते चालू ठेवलं. तुम्हीही आठवड्यातून एकदा असं करा. मात्र दिवा मिचकत असेल किंवा गाडीनं ओढणं सोडलं असेल तर हा प्रयोग करू नका, सरळ स्कॅनर लावून घ्या. आणि दर आठवड्याला ऑइलची काडी बघा. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर लक्ष्मी प्रसन्न झाली असं समजू नका, डिझेल त्यात उतरतंय. ते पातळ ऑइल इंजिन खातं.

आता या अंकाचा विषय म्हणून सांगतो, हे दुखणं मोठ्या घरातही आहे. २०१५ ते २०२० दरम्यान ऑस्ट्रेलियात विकलेल्या हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो, अडीच लाखांवर गाड्या, याच फिल्टरपायी कोर्टात गेल्या. खोड मात्र तुमच्या उलटी : सलग शंभरच्या वेगानं चालवल्या की काजळी नीट जळत नव्हती आणि पांढरा धूर यायचा. २०२२ ला तिथल्या फेडरल कोर्टानं गाड्या सदोष ठरवल्या, नुकसानभरपाईचा वाद नोव्हेंबर २०२४ पर्यंत वरच्या कोर्टात चालला. तेव्हा पावत्या आणि जॉबकार्ड जपून ठेवा. तुमची जॉबकार्डं कुठं आहेत? बहुतेक डॅशबोर्डवर ऊन खात असतील.

प्रश्न : यूट साडेतीन टन ओढतो असं जाहिरातीत असतं. मग उसाची ट्रॉली ओढेल का?
(ट्रॅक्टरवाला, माजलगाव)

उत्तर : साडेतीन टन म्हणजे ३,५०० किलो, ते ब्रेक असलेल्या ट्रेलरचं. ब्रेक नसलेल्याला मर्यादा ७५० किलो. तुमच्या ट्रॉलीला ब्रेक आहे का? मला माहीत आहे, नाही. विषय संपला.

तरी जाहिरातीतली मेख सांगतो, कारण तिथले लोकही यात फसतात. ढोबळ आकडे घ्या. रिकामा यूट २,१०० किलो. यूट आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजन ६,००० किलो. मागं पूर्ण ३,५०० ची कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) लावली की यूटला उरले २,५००. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा : ४००. त्यात नवरा-बायको, दोन लेकरं, बुलबार, फ्रिज. म्हणजे हौद्यात फुलांची परडीसुद्धा हिशेबानं ठेवायची. तिथं नोकरीतून सुटलेले म्हातारा-म्हातारी कॅराव्हॅन लावून देशभर फिरतात, छान पद्धत आहे, पण हा हिशेब त्यांतल्या किती जणांनी केलेला असतो देव जाणे.

प्रश्न : चिनी बॅटरीवाल्या यूटबद्दल लिहा. अशी गाडी आली तर तिच्यावर विहिरीची मोटर चालेल का?
(सोलर पंप बसवणारा, औसा)

उत्तर : बीवायडीची शार्क. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या शेवटी ५७,९०० डॉलरला उतरली, म्हणजे आपले बत्तीस-पस्तीस लाख. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, दोन मोटरी, तीस युनिटच्या जवळची बॅटरी. शहरात रोजचा फेरा विजेवर, लांबचा पेट्रोलवर. ओढायची मर्यादा अडीच टन, डिझेलवाल्यांपेक्षा टनभर कमी. मी चालवून पाहिली. सिग्नलवरून अशी निघते, की मागं बसलेल्या जावयाच्या हातातली कॉफी त्याच्याच शर्टावर. पण रिकाम्या बॅटरीनं, भरल्या हौद्यानं लांब चढ चढायचा तर ते दीड लिटरचं इंजिन एकटं पडणार, हे मेकॅनिकला सांगावं लागत नाही.

हौद्यातच विजेची सॉकेटं आहेत. जावयासारख्या कारागिराला हे वरदान, ड्रिल, कटर सगळं चालतं. तुमची मोटर मात्र नाही चालणार. पाच अश्वशक्तीची मोटर पावणेचार किलोवॉटची म्हणून मनात आलं असेल, पण ती तीन फेजची आणि गाडीतून येते सिंगल फेज. शिवाय सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. रात्रीची लाइट यायची वाट बघणं काही सुटत नाही.

किआची टास्मानही २०२५ ला आली. साडेतीन टन ओढते, केबिन ऐसपैस. पण तोंड! चाकांवर काळ्या प्लास्टिकच्या उशा बांधल्यासारख्या. लेकीला विचारलं, ही अपघातातून आलीय का. नवी कोरी होती.

प्रश्न : कारच्या लायसनवर पिकअप चालवता येते का?
(बारावी पास, गंगाखेड)

उत्तर : गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन पुरतं, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिलाय. हौद्यात मित्र बसवायचे नाहीत, हे त्या निकालात नाही, माझ्याकडून.

प्रश्न : नाना, आमच्याकडं चार दारांची कॅम्पर पिकअप आहे. बाजाराच्या दिवशी हे तिच्यात शेळ्या-बोकडं नेतात आणि रविवारी त्याच गाडीतून आम्ही औंढ्याला दर्शनाला जातो. वास जात नाही. जावा हसतात. दोन गाड्या परवडत नाहीत. काही उपाय आहे का?
(एका शेतकऱ्याची बायको, पाथरी)

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून मी पाना खाली ठेवला. कारण अगदी असंच पत्र एका बाईनं १९३२ साली लिहिलं होतं.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात गिप्सलँड नावाचा भाग आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला लिहिलं, की आम्हाला अशी गाडी द्या जिच्यात रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील. तिचं नाव इतिहासात राहिलं नाही. पत्र जिलाँगच्या कारखान्यात लू बँट नावाच्या पोरसवदा डिझायनरकडं गेलं. त्यानं कारची केबिन आणि मागचा हौदा एकाच सलग अंगात जोडला, वेगळी पेटी बांधून ठेवली नाही. १९३४ ला गाडी बाहेर पडली. तोच पहिला यूट. ज्या चार दारांच्या चकचकीत गाड्यांवर आज अंबडचे बागायतदार आणि टूवूंबाचे सुतार जीव टाकतात, त्या सगळ्या तुमच्यासारख्या एका बाईच्या तक्रारीतून आल्या. जावांना हे वाचून दाखवा. आणि हेही सांगा, की नानाच्या मते मराठवाड्यात खरा यूट एकच आहे : कॅम्पर.

आता वासाचं. फिनेल ओतून उपयोग नाही, दोन वास होतात. बोकडाचं मूत पत्र्याच्या सांध्यात आणि लाकडी फळी असेल तर तिच्यात मुरतं, तिथून वास येतो आणि तिथंच गंज धरतो. फळी असेल तर काढून टाका. हौद्याचे चारही कोपरे बघा, पाणी निघायची भोकं शेणानं बुजलेली असतील. सळई घालून मोकळी करा, नसतील तर दहा-बारा मिलिमीटरची पाडून घ्या आणि कडांना लगेच रेड ऑक्साइड लावा. गाडीची मागची बाजू जरा उताराकडं ठेवून पाणी मारायचं, म्हणजे ते पुढं साचत नाही. शेळ्या न्यायच्या दिवशी खाली जाड रबरी मॅट आणि तिच्यावर भुसा. घरी आल्यावर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, भुसा झाडायचा, मॅट उन्हात टाकायची, हौदा साध्या पाण्यानं धुवायचा, मग बादलीभर पाण्यात दोन मुठी खायचा सोडा घालून ब्रशनं घासायचं.

तरी केबिनमध्ये वास येतोच असं वाटलं तर मागच्या काचेचं रबर दाबून बघा. कडक झालं असेल, तिथूनच येतोय. ते काही फार महाग नसतं. गाडी मानवतला आणलीत तर मी बसवून देतो, मजुरी नको. त्या गिप्सलँडच्या बाईला उत्तर मिळायला दोन वर्षं लागली होती, तुम्हाला दोन महिने लागले.